टॉवेलाखालचा रिपोर्ट

माझा धाकटा भाऊ कृष्णात मुंबईला परळच्या कॉलेजात जनावरांचा डॉक्टर व्हायला गेला, तेव्हा मी पलटणीत होतो. त्याची फी माझ्या पगारातून मनीऑर्डरनं जायची. तो शेवटच्या वर्षाला पोचला तेव्हा मी नाईक म्हणून पेन्शनीत आलो होतो आणि इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात उसाला पाणी पाजत होतो. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे झालं त्यात मला रागवायचा हक्क होता की नव्हता, हे वाचणाऱ्यानं ठरवावं.

कृष्णातला सरकारी नोकरी नको होती. इस्लामपुरात एस. टी. स्टँडजवळ खोली घ्यायची, बाहेर पाटी लावायची आणि स्वतःचा दवाखाना चालवायचा, हे त्याच्या मनानं पक्कं घेतलेलं. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, हे अजिबात पटत नव्हतं. सरकारी दवाखान्यात फुकट औषध मिळत असताना तुला पदरचे पैसे देऊन कोण बोलावणार, एवढाच त्यांचा प्रश्न होता. परीक्षा झाल्यावर कुणी आपणहून तुला शोधत दारात आलं तर खोली बघू, नाहीतर गपगुमान सरकारात अर्ज टाकायचा, असं आबांनी सांगून टाकलं.

आता कॉलेजात त्यांना धंदा कसा करावा हेही शिकवत होते. परीक्षेला ते नव्हतं; पण शनिवारी एक बडे डॉक्टर येऊन व्याख्यान द्यायचे. रेसच्या घोड्यांवर त्यांनी बक्कळ कमावलं होतं. दोष दिसला की तो एका वाक्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा, पुटपुटणाऱ्या डॉक्टरवर गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही, असा त्यांचा उपदेश होता. आमच्या पठ्ठ्यानं तो फारच मनावर घेतला. अभ्यासाच्या सुट्टीवर घरी आला तो आवाज चढवूनच.

पहिला दणका घरातच बसला. माझी बायको विजयमाला हिची एक म्हैस होती, माहेरहून आलेली. तिचं दूध, तिचे रतीब, सगळा कारभार विजयमालाच बघायची; आबासुद्धा त्यात तोंड घालत नसत. एका सकाळी दूध न्यायला आलेल्या बाया दारात उभ्या असताना कृष्णातनं म्हशीच्या कासेला हात लावला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "वैनी, मागच्या सडात गाठ हाय."

गाठ होती, खोटं नव्हतं. ती चार दिवसांत शेकून बरीही झाली. पण रतिबाच्या दोन बाया दुसऱ्या आळीत जायला लागल्या त्या गेल्याच.

"भाऊजी," विजयमाला म्हणाली, "माझ्या म्हशीला परत हात लावायचा न्हाई. काय झालंच तर मी तिला सरकारी दवाखान्यात चालवत नेईन."

मी हसलो. दीर-भावजयीचं भांडण म्हणून सोडून दिलं.

मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाची यात्रा भरते, तेव्हा मी कृष्णातला बरोबर घेऊन गेलो. मला एक बैल घ्यायचा होता. दुष्काळात माणदेशातल्या दावणीच्या दावणी मोकळ्या झाल्या होत्या. दोन वर्षांनी त्या आता कुठं भरायला लागलेल्या, त्यामुळं त्या साली खिलार बैलांना चांगली मागणी होती. माझ्या कमरेला पैशांचा कसा बांधलेला होता आणि दर थोड्या वेळानं मी तो चाचपून बघत होतो.

बैलाचा भाव तिथं तोंडानं कुणी बोलत नाही. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा ठरवतात. भोवती कितीही माणसं उभी असोत, सौदा दोघांतच राहतो. नाही पटला तरी विकणाऱ्याचं काही बिघडत नाही, कारण आधीच्यानं किती कमी मागितलं हे पुढच्या गिऱ्हाइकाला कळायला वाव नसतो.

तिथं आम्हाला समडोळीचे जवाहर आण्णा भेटले. सांगलीकडचे जैन बागायतदार, बोलायला मऊ आणि खरेदीला कडक. त्यांचा मुलगा शांतिनाथ मुंबईला कृष्णातच्याच हॉस्टेलात राहायचा, म्हणून ओळख. त्यांनी एक जोडी हेरून ठेवली होती. मालक ज्योतिबा म्हणून माणदेशातला एक म्हातारा होता, अंगानं वाळलेला आणि फारसं न बोलणारा.

"डॉक्टर," आण्णा कृष्णातला म्हणाले, "जरा नजर टाका की आमच्या जोडीवर."

परीक्षा व्हायच्या आत डॉक्टर म्हणवून घेतलं की माणसाची छाती फुगते. आण्णांनी ज्योतिबाच्या हातात हात दिला, वर टॉवेल पडला, बोटं हलायला लागली. भोवती बघे जमले. कृष्णात बैलांभोवती एक फेरी मारून आला आणि परळच्या त्या घोडेवाल्या डॉक्टरची आठवण ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"हा उजवीकडचा बैल मागचा पाय झटकतो. गुडघ्याची वाटी वर अडकती त्याची. सकाळी नदीवर मी बगितलाय. गारठ्यात पाय झटकत होता, चालवून चालवून मोकळा केलाय आन मग दावनीला आनलाय."

आण्णांनी टॉवेलाखालून हात काढून घेतला. सौदा चालू असताना हात काढणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. बघे पांगले. ज्यांना ती जोडी बघायची होती ते न थांबता पुढं गेले. ज्योतिबानं टॉवेलाची घडी घातली, खांद्यावर टाकली आणि बैलापुढं कडब्याची पेंढी सोडली. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

कृष्णात मात्र खुशीत होता. आपण आण्णांना फसण्यापासून वाचवलं, असं त्याला वाटत होतं. चहाच्या पालात आम्ही त्यांना गाठलं, तर आण्णा बशीतला चहा न पिता त्याच्याकडं बघत राहिले.

"मी समडोळीहून इतक्या लांब काय सिद्धनाथाचा रथ बघायला आलोय?" ते म्हणाले. "जोडी मला पसंत होती. पाय झटकतोय म्हनून माझ्या कानात सांगितलं असतंस, तर मी आत बोटं कमी दाबली असती आन जोडी घिऊन गेलो असतो. आता नेली तर शिवारात लोक म्हनतील, आण्णानं चारचौघांत कळलेला लंगडा बैल इकत घेतला."

"पर आण्णा, त्ये बरं हुतंय. बारीक छेद द्यायचा, वाटीजवळचा बंध तोडायचा, बैल लगीच सरळ चालतो."

"मग त्ये आधी का न्हाई सांगितलंस?"

एका वाक्यात सांगायचं म्हणून कृष्णातनं पहिलंच वाक्य सांगितलं होतं. दुसरं ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. आण्णा उठून गेले.

मग मी त्याला घेतला फैलावर. "पलटणीत गस्तीवरनं आलेला जवान रिपोर्ट कुनाला देतो? ज्यानं धाडलं त्याला. लंगराच्या रांगेत उभा राहून वरडत न्हाई. आण्णांनी इचारलं, तर आण्णांना बाजूला घिऊन सांगायचं. बाजाराला कशाला? रिपोर्ट ज्याचा त्याला. येवढं बी शिकवलं न्हाई व्हय तुमच्या घोडेवाल्यानं?"

कृष्णातनं भाकरीलाही हात लावला नाही. आबांनी मागितलं होतं की कुणी आपणहून शोधत यावं, आणि इथं तर माणसं त्याला बघून आपली जनावरं पलीकडं वळवायला लागली होती. एकानं तर बैलाच्या पाठीवरची झूल पार खुरापर्यंत ओढली. मला पोराची कीव आली, पण मी ती दाखवली नाही.

दुपार कलली तरी ज्योतिबाच्या दावणीला कुणी फिरकलं नव्हतं. कृष्णात एकदम उठला, माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला आणि चालायला लागला. मी त्याच्या मागं गेलो. तो ज्योतिबापुढं उकिडवा बसला.

"बाबा, चुकलं माझं. तुमचा बैल मी बोलून बिघडवला, आता मीच नीट करतो. सरकारी दवाखान्याच्या तंबूतलं डॉक्टर शेजारी उभं ऱ्हातील. कापल्यावर बैल सरळ चालला न्हाई तर त्यो आमी घेतला. आन कितीला घेतला त्ये आत सांगतो."

असं म्हणून त्यानं हात पुढं केला आणि वर टॉवेल टाकला.

ज्योतिबानं त्या टॉवेलाकडं बघितलं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, कारण पैशांचा कसा कुणाच्या कमरेला आहे हे बाजारात कुणालाही सांगावं लागत नाही. शेवटी त्यानं हात आत घातला. बोटं हलली. ज्योतिबानं झटकन मान वर करून कृष्णातच्या तोंडाकडं बघितलं, आणि मी ओळखलं की आकडा मोठा आहे.

"किती बोललास रं?" मी वाटेत विचारलं.

"टावेलाखालचं भाईर सांगत न्हाईत, दादा."

"पैसं माझ्या कमरेला हायती."

"म्हनून तर तुमाला सांगत न्हाई."

यात्रेत सरकारी दवाखान्याचा तंबू असायचा. तिथले डॉक्टर निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. त्यांनी आधी कृष्णातला बरेच प्रश्न विचारले, मग स्वतः बैल तपासला आणि मगच आपली हत्यारं त्याच्या हातात दिली. खुराला लोखंडी पत्री ठोकायला बैल पाडतात तसा दोरानं पाडला. गर्दी जमली, मघापर्यंत ज्यांनी तोंड फिरवलं तेही डोकावत होते. कृष्णातनं जागा बधिर केली, लहानसा छेद दिला, आत कुठंतरी बंध तोडला आणि टाके घातले. या सगळ्यात तो एक शब्द बोलला नाही. दोर सोडला, बैल उठला आणि चालला. पाय सरळ पडत होता.

मी श्वास सोडला. ज्योतिबा मात्र तसाच उभा. "उद्या सकाळच्याला बघू," एवढंच तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं; त्या पायाची खोड गारठ्यात दिसायची, आणि ती कशी लपवायची हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं. तोपर्यंत मी कमरेच्या कशावरचा हात काढला नाही.

सकाळी ज्योतिबानं बैलाला चालवलं नाही. मुद्दाम दावणीलाच गारठत ठेवला. ऊन येण्याच्या आधी तो शेजारच्या दावणींवर जाऊन माणसं बोलावून आला, जवाहर आण्णांनाही निरोप धाडला. सगळे जमल्यावर त्यानं कासरा सोडला आणि बैल नदीपर्यंत नेऊन परत आणला. पाय एकदाही झटकला नाही.

आण्णांनी हात पुढं केला. टॉवेल पडला. दुपारपर्यंत जोडी समडोळीच्या वाटेला लागली होती. ज्योतिबा जाताना कृष्णातजवळ थांबला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गेला. त्या गडबडीत माझा बैल घ्यायचा राहून गेला, याची कुणाला फिकीर नव्हती.

मला वाटलं, आता कृष्णातपुढं रांग लागेल. पाय झटकणारे बैल त्या बाजारात काही तो एकच नव्हता. पण कुणी आलं नाही. तंबूबाहेर तो बसून राहिला आणि माणसं लांबूनच रामराम घालून जात होती. मी चिडलो, म्हटलं काय कृतघ्न मुलूख आहे. कृष्णात म्हणाला, "दादा, माझ्याकडं बैल आनला म्हंजे पायात खोट हाय असं दवंडी पिटून सांगितल्यागत झालं. कसं येतील?"

संध्याकाळी एकजण विडीला काडी मागायला म्हणून आला. बसला. पावसापाण्याचं बोलला. बोलता बोलता त्यानं कृष्णातचा हात हातात घेतला आणि वर टॉवेल ओढला. मला वाटलं, आता याला काय विकायचंय. नंतर कळलं ते एवढंच, की त्यानं आत तीन बोटं दाबली होती. दावणीतला तिसरा बैल. कृष्णातनं त्या दावणीकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. "सकाळी नदीच्या वरच्या अंगाला आना," असं हळू सांगितलं आणि पुन्हा पावसापाण्यावर आला.

त्यानंतर यात्रा उठेपर्यंत काडी मागायला बरेच लोक आले. सकाळी सरकारी डॉक्टर आणि तो दोघंच नदीकडं जायचे. मी बरोबर येतो म्हटलं तर मला सामान राखायला बसवून गेला.

परीक्षा झाली, तो पास होऊन आला, आणि त्याच आठवड्यात माणदेशातला एक माणूस एस. टी. बदलत बदलत आमच्या दारात येऊन उभा राहिला. डॉक्टर कुठं बसतात, त्यानं विचारलं. आबा ओट्यावरच होते. त्यांनी त्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि तो गेल्यावर कृष्णातला म्हणाले, "चल, खोली बघून यिऊ."

दवाखाना बरा चालायला लागला. मी मात्र वर्षभर शेजाऱ्याच्या बैलावर सावडीनं, बदल्यात त्याच्या रानात राबून, काम रेटलं आणि पुढच्या मार्गशीर्षात पुन्हा म्हसवड गाठलं. कृष्णातही आला होता, आता स्वतःची बॅग घेऊन.

एक बैल माझ्या मनात भरला. उंच, पांढरा, बाकदार शिंगांचा. दात बघितले, खूर बघितले, पाठीवर दाब दिला, चालवून बघितला. मग मी कृष्णातला हाक मारली.

"जरा नजर टाक."

"मी न्हाई बघत, दादा."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "का?"

"ह्या बाजारात मी कुनासाठीच बैल बघत न्हाई. हितल्या निम्म्या दावनी माझी गिऱ्हाईकं हायती. एकाचा बघायचा आन एकाचा बघायचा न्हाई म्हटलं, की न बोलता बी बोलल्यागत हुतंय."

"मी काय परका हाय व्हय रं? तुझी फी कुनी भरली?"

"तुमी भरली."

"मग?"

"रिपोर्ट ज्याचा त्याला. तुमीच शिकवलंय."

मला इतका राग आला की काय सांगू. सख्खा भाऊ, माझ्या पगारावर शिकलेला, आणि माझा पैसा पाण्यात जाणार की नाही एवढं सांगायला तयार नाही. त्या रागातच मी बैलाच्या मालकाच्या हातात हात दिला. बोटं दाबताना मी सारखा कृष्णातच्या तोंडाकडं बघत होतो. भुवई हलेल, खोकेल, काहीतरी करेल. तो चहा पीत होता. चहा संपल्यावर त्यानं कपातली साखरसुद्धा बोटानं चाटून खाल्ली.

बैल घेतला. वाटेत त्याच्याशी बोललो नाही, बैलाशीही नाही.

घरी आल्यावर काही दिवसांनी मी अंगणात बैल धूत होतो. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला चोळताना हाताला काहीतरी कडक लागलं. वाकून बघितलं. गुडघ्याच्या वाटीजवळ बोटाच्या पेराएवढा जुना व्रण होता, त्यावर केस जरा विरळ आलेले. म्हणजे गेल्या सालच्या त्या नदीवरच्या बैलांतला हा एक. पाय ठणठणीत होता, थंडीतही सरळ पडत होता. घेण्यात माझं काडीचं नुकसान झालं नव्हतं. आणि हे चहा पिणाऱ्या त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. एक शब्द बोलला असता तर माझ्या जिवाला इतके दिवस लागलेला घोर टळला असता. मी तिथंच त्याला दोन शिव्या हासडल्या.

विजयमाला म्हशीला पाणी दाखवत होती. "काय झालं?" तिनं विचारलं.

मी तिला व्रण दाखवला.

"भाऊजींना ठावं हुतं?"

"त्यानंच कापलाय."

"आन सख्ख्या भावाला सांगितलं न्हाई?"

"न्हाई."

ती बादली हातात धरून उभी राहिली. मला वाटलं, आता तरी ही माझ्या बाजूनं बोलेल.

"मग उद्या माझी म्हस दाखवते त्यांना," ती म्हणाली. "सरकारी दवाखान्यात कशाला चालवत नेऊ?"

दुसऱ्या दिवशी दुधाच्या बाया यायच्या आधी कृष्णात बॅग घेऊन आला. विजयमालानं मला उसाला पाणी द्यायला पिटाळलं आणि गोठ्याचं दार आतून लावून घेतलं. म्हशीला काय झालं होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.